चार महिन्यांनी धाकटी

लुजैननं आ केला आणि नर्सबाईंनी कापसाची काडी तिच्या गालाच्या आतून दोनदा फिरवून घेतली. तिला ते आवडलंसुद्धा. तसाबीहनं मात्र तोंड गच्च मिटून घेतलं. नर्सबाई हसल्या, काडी पाठीमागे लपवली, ओठांचा माशासारखा चंबू करून दाखवला. तसाबीह ढिम्म.

"उघड गं राणी," मी म्हणाले. "दुखत नाही."

तिनं उघडलं.

त्या काडीतून काय निघणार हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. सुदानमध्ये, अल-जुनैनाला, मुलींच्या शाळेत मी चार वर्षं जीवशास्त्र शिकवलंय. फळ्यावर दोन पीळदार रेघा काढायच्या आणि सांगायचं, अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून. तसाबीहच्या दोन्ही अर्ध्यांत मी कुठेच नव्हते. ती माझ्या शेजारणीची, इंशिराहची. डेन्मार्कच्या कागदांवर मात्र लुजैन आणि ती माझ्या जुळ्या मुली होत्या. तो कागद खोटा ठरला तर तिला माझ्याकडे ठेवतील की नेतील, हा एकच प्रश्न चमचा धुताना, मोजे घालताना, दिवसभर माझ्याबरोबर फिरत होता.

इंशिराहच्या आणि आमच्या अंगणात एक गवताचा तट्ट्या होता, तोही निम्मा मोडलेला. आम्हा दोघींना दिवस मागेपुढेच राहिले. लुजैन झाली, चार महिन्यांनी तसाबीह. बाळंतपणानंतर इंशिराहला ताप भरला आणि तिला दूधच आलं नाही. मी तेव्हा लुजैनला पाजतच होते. पहिल्या आठवड्यापासून तट्ट्याच्या त्या फटीतून तसाबीह माझ्याकडे यायची, पिऊन परत जायची. पुढे पुढे परत जायचीही नाही.

आमच्याकडे याला उपकार म्हणत नाहीत. दूध पाजलं की नातं लागतं, रक्ताचं लागतं तसंच. माझे भाऊ तिचे मामा झाले. उद्या मला मुलगा झाला असता तर त्याचं तिच्याशी लग्न लागलं नसतं, कारण ती त्याची बहीण. पोटभर पाच वेळा पाजलं की पुरतं, असं म्हाताऱ्या बायका सांगतात, आणि त्या बोटांवर मोजतातही. माझ्या सासूबाईंनी सहाव्या दिवशीच जाहीर करून टाकलं, "घ्या, आमच्या सुनेला दुसरी मुलगी झाली." इंशिराह हसली होती. म्हणाली, "मग रात्रीची रडायला लागली की ठेव तुझ्याकडेच."

तसाबीह तीन महिन्यांची असताना गाव पेटलं. इंशिराह त्याच आठवड्यात गेली. तिच्या नवऱ्याला पुन्हा कुणी पाहिलं नाही. चाडच्या वाटेवर माझा नवरा कायमचा राहिला. मी एकीला पाठीवर बांधलं, दुसरीला छातीशी, आणि चालत सुटले. चाड, मग लिबिया, मग ती होडी. इतक्या माणसांनी आम्हाला अडवलं, लुटलं, ढकललं, पण दोनातली तुझी कोणती, असं कुणी विचारलं नाही.

विचारलं ते इथे. तेही धड विचारलं नाहीच.

पहिल्या दिवशी नोंदणीला बसले तेव्हा दोघी दीडेक वर्षाच्या होत्या, दोघींची लंगोटी ओली, दोघी भेकत होत्या. कॉम्प्युटरवरच्या माणसानं विचारलं, बरोबर कोण? मी म्हणाले, माझ्या दोन मुली. यात खोटं काय होतं? जन्मतारखा विचारल्या. मी दोन्ही सांगितल्या, खऱ्या. तो टाइप करता करता थांबला. चार महिन्यांचं अंतर, हे कसं शक्य आहे?

मी सांगायला तोंड उघडलं. दुभाष्या इराकी होता, वीस वर्षं इथे काढलेला, सकाळपासून बोलून त्याचा घसा बसला होता. त्यानं माझं बोलणं पुढे नेलंच नाही. खालच्या आवाजात अरबीत म्हणाला, "ताई, मशीन घेत नाही. जुळ्या म्हणून टाका आणि एकच तारीख द्या. नाहीतर संध्याकाळपर्यंत इथेच बसाल. बाहेर चाळीस माणसं उभी आहेत."

मी मान हलवली. मान हलवायला कितीसा वेळ लागतो.

वाईट माणूस नव्हता तो. जाताना त्यानं खिशातून दोन चॉकलेटं काढून पोरींच्या हातात दिली होती.

दीड वर्ष ते जुळेपण निभावलं. आम्ही यूलंड भागातल्या निर्वासितांच्या एका केंद्रात राहतो, जुन्या सैनिकी बराकी आहेत, एका खोलीत आम्ही तिघी. दोघी मला यम्मा म्हणतात, म्हणजे आई. बालवाडीत एकाच दिवशी दोघींचा वाढदिवस झाला, टेबलावर छोटे लाल-पांढरे झेंडे, दोघींच्या डोक्यावर कागदी मुकुट. तो दिवस ना हिचा होता ना तिचा. मीही टाळ्या वाजवल्या.

घात केला तो माझ्या स्वभावानं. मला काळजी करायची खोड आहे. लुजैन तीन-तीन शब्दांची वाक्यं बोलायला लागली, तसाबीह अजून एकेका शब्दावर होती. बालवाडीच्या बाई एका दुपारी मला बाजूला घेऊन फार हळुवारपणे म्हणाल्या, जुळ्यांमध्ये एवढा फरक आहे, तसाबीहला एकदा तज्ज्ञांना दाखवू या का? माझ्या मुलीत काहीतरी कमी आहे, असं कुणीतरी कागदावर लिहिणार. आणि मी, सतरा महिने प्रत्येक शब्द तोलून बोलणारी बाई, पटकन बोलून गेले, "तसं नाही हो, ती चार महिन्यांनी धाकटी आहे. येईल तिलाही बोलता."

डॅनिशमध्ये बोलले, एकही चूक न करता.

"असं होय," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच हायसं वाटलं. आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. इथे मुलाचं सगळं लिहून ठेवतात. काय खाल्लं, किती झोपलं, कुणाला चावलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं: तिघींचे नमुने घ्यायचे आहेत.

नमुने दिले त्या दुपारी मी सामायिक स्वयंपाकघरात असीदा घोटत होते. आमची ती पिठाची घट्ट उकड, सतत घोटावी लागते. घोटताना माझा हात थांबला असावा, कारण बत्तूल खालांनी माझ्या हातातून पळी काढून घेतली. खाला म्हणजे मावशी, पण नात्यानं नव्हे; सुदानच्याच, कसला नावाच्या शहरातल्या. साठीच्या पुढे. केंद्रात पाच वर्षं झाली, आश्रयाच्या अर्जाला दोनदा नकार आला तरी त्या इथेच आहेत.

"गाठी करतेयस," त्या म्हणाल्या. "बोल आता. कापूस फिरवला?"

"फिरवला."

"मग?"

"मग दहा दिवसांत कळेल त्यांना. खाला, मी आधीच जाऊन सांगून टाकते. सगळं, पहिल्यापासून."

खाला पळी आपटून हसल्या. "अगं शिकलेली ना तू? या लोकांना खरं सांगायचं ते पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशीचं खरं यांच्या लेखी खोटंच."

"पण मी फसवलं नाही कुणाला. पाजलंय मी तिला."

"ते मला सांगतेस? यांच्याकडे कुत्रीनं मांजराचं पिल्लू पाजलं तर पेपरात फोटो येतो. बाईनं पाजलं तर चौकशी." मग म्हणाल्या, "पळून जायचं मनात आणू नकोस. बस तुला जर्मनीपर्यंत नेईल. तिथे मशीनवर बोट टेकवलंस की परत इथेच. बोटं कापून पळणार आहेस का?"

पळायचं मनात आलं होतं, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. मी गेल्या चार दिवसांत बसचं वेळापत्रक पाठ केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिसबेटकडे गेले. लिसबेट आमचं प्रकरण बघणारी अधिकारी. पस्तिशीची असेल, स्वतःला दोन मुलं. इथे सगळ्यांना नुसत्या नावानंच हाक मारायची असते, जीभ अडखळते पण मारायची. दुभाष्या या वेळी फोनवर होता, दुसराच कुणीतरी, मागे त्याच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

मी सगळं सांगितलं. तट्ट्या, ताप, दूध, सासूबाई, चाळीस माणसांची रांग. लिसबेट फार छान ऐकते. मध्ये बोलत नाही, मान डोलावते. मी इंशिराहचं सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले आणि तिनं कागदी रुमालांचा खोका आधी स्वतःकडे ओढला, मग माझ्याकडे सरकवला.

"तुमच्याकडची ही पद्धत फार सुंदर आहे," ती म्हणाली.

"म्हणजे ती माझी मुलगी आहे हे तुम्हाला पटलं?"

"तुमच्या भावना मला पटल्या, रिहाब."

मग तिनं टाइप केलेलं मला वाचून दाखवलं, सहीसाठी. अर्जदारानं पूर्वीचं निवेदन बदललं आहे. अर्जदार म्हणते की दुसरं मूल तिचं नाही. अर्जदार म्हणते की तिनं त्या मुलाला स्तनपान दिलं.

"मी 'माझं नाही' असं म्हटलेलं नाही," मी दुभाष्याला म्हणाले. "तिला सांगा, हे वाक्य काढ."

तो बोलला. लिसबेट बोलली. तो म्हणाला, "ताई, ती म्हणते, जन्म दिलेला नाही हे तर तुम्हीच सांगितलंत. मग या रकान्यात दुसरं काही लिहिता येत नाही."

"नातं म्हणून लिही म्हणावं."

"रकान्यात आई आहे, बाप आहे, भावंड आहे, दत्तक आहे. दत्तकाला कोर्टाचा कागद लागतो." मग तो हळूच म्हणाला, "मी सीरियातल्या हलबचा आहे, ताई, आमच्याकडेही हे नातं मानतात. मला कळतंय तुम्ही काय म्हणताय. पण मला फक्त भाषा बदलता येते."

मी सही केली. नाही केली असती तर "सही करण्यास नकार" असं लिहिलं असतं, एवढं मला आता कळतं.

वकील महिन्यातून दोनदा फोनवर भेटतो. त्याला विचारलं. तो म्हणाला, अपील करता येईल, त्याला आठ-दहा महिने लागतात, तोवर मूल हलवलं जाईलच. आणि एक लक्षात ठेवा, तुमचा आणि लुजैनचा निकाल अजून बाकी आहे, तुम्ही निवेदन बदललंय हे त्यातही बघितलं जाईल. म्हणून आरडाओरडा करू नका, अगदी सहकार्यानं घ्या. म्हणजे एकीसाठी भांडले तर दुसरीचं मी घालवणार. फोन ठेवल्यावर मी दोघींना केळं कुस्करून दिलं. दोघींनी अर्धं अर्धं संपवलं आणि वाट्या बदलून एकमेकींचं उरलेलं खाल्लं.

अहवाल यायचा तोच आला. लिसबेटनं मला बोलावलं, कॉफी दिली.

"तसाबीहला आता एकटं आलेलं मूल मानलं जाईल," ती म्हणाली.

"एकटं?"

"म्हणजे आईवडिलांशिवाय देशात आलेलं."

"ती माझ्या पाठीवर आली," मी म्हणाले. "तेव्हा तिला धड चालताही येत नव्हतं. एकटी कशी आली? रांगत?"

फोनमधल्या माणसानं ते भाषांतर केलं. लिसबेटनं समोरची फाईल उघडली.

"तिच्यासाठी एक कुटुंब मिळालंय. फार चांगली माणसं आहेत. गावाबाहेर घर आहे, कोंबड्या आहेत. तुम्ही पंधरा दिवसांतून एकदा दोन तास भेटू शकाल. हे सगळ्यांनाच मिळत नाही, मी त्यासाठी प्रयत्न केलाय."

तिनं खरंच केला असणार. म्हणून तर तिच्यावर ओरडताही येईना.

"तीन भेटींत ओळख करून द्यायची," ती पुढे म्हणाली, "तिसऱ्या भेटीनंतर तसाबीह तिथेच राहील. तुम्ही बरोबर असाल. तुम्ही शांत राहिलात तर ती शांत राहील. तिला सगळ्यात जास्त मदत तुम्हीच करू शकता, रिहाब."

केंद्रात आल्यावर खालांना सांगितलं. त्यांनी या वेळी टोमणा मारला नाही. म्हणाल्या, "बकरी कापणारा कसाई निदान बकरीला सुरी धरायला सांगत नाही." आणि पोरींचे कपडे वेगळे करायला बसल्या. आजवर ते वेगळे नव्हतेच. जी अंघोळ करून आधी बाहेर येईल तिनं वरचा फ्रॉक घालायचा. खाला एकेक उचलून विचारत, "हा कुणाचा?" आणि मला सांगता येईना.

पहिल्या भेटीला तसाबीह माझा झगा सोडायला तयार नव्हती. डोर्टे, ती सांभाळणारी बाई, जवळ आली नाही, लांब गवतावर मांडी घालून बसली आणि कोंबड्यांना दाणे टाकत राहिली. पंचेचाळिशीची, उन्हानं लाल झालेली, हात मोठाले. मी तिला दारापासून निरखत होते. मला तिच्यात काहीतरी सापडायला हवं होतं. दारूची बाटली, चढा आवाज, आवळलेले ओठ. घरभर बघितलं, न्हाणीघराचा बहाणा करून औषधांचं कपाटही उघडून बघितलं. त्यात खोकल्याचं औषध आणि जखमेवर लावायची मुलांची चिकटपट्टी होती, तीही चित्रांची. तिनं इंटरनेटवर वाचून आमच्यासाठी शहरातून हलाल कोंबडी आणली होती.

दुसऱ्या भेटीत तसाबीहनं स्वतः दाणे टाकले. लुजैन तर कोंबड्यांमागे इतकी धावली की निघताना दोघी रडल्या. बसमध्ये लुजैननं विचारलं, "उद्या परत?" मी म्हणाले, बघू.

मी यादी केली होती, माझ्या डॅनिशमध्ये, दोन पानी. झोपताना डाव्या कुशीवर. टोमॅटो सोलून. कुत्रं भुंकलं तर कानांवर हात ठेवावे लागतात, दोन्ही. फटाक्यांच्या दिवशी घराबाहेर नेऊ नका. "नको" म्हणताना ती जीभ टाळूला लावून आवाज काढते, तो उद्धटपणा नाही. डोर्टेनं यादी वाचली, फ्रिजवर लावली, एका शब्दाचा अर्थ विचारला.

तिसऱ्या दिवशी लिसबेटनं गाडीतून सोडलं आणि ती आवारातच फोनवर बोलत थांबली. मागच्या बाजूला ऊन होतं. तसाबीहची पिशवी मी घरात ठेवली. लुजैन खुराड्याशी बसली होती.

डोर्टेनं घरातून एक नवा कंगवा आणला, बारीक दातांचा. "केसांचं मला समजत नाही," ती म्हणाली. "यूट्यूबवर बघितलं. तुम्ही दाखवाल?"

तो कंगवा बघूनच मला कळलं, दोन दिवसांत गुंता होईल, चौथ्या दिवशी पोरगी कंगवा बघून पळेल आणि पंधराव्या दिवशी मी भेटायला येईन तेव्हा केस कापलेले असतील. कुणी दुष्टपणानं नाही, दयेपोटीच.

मी माझा रुंद दातांचा कंगवा आणि तिळाचं तेल काढलं. तसाबीहला पायरीवर बसवलं, हातात बिस्किट दिलं. भांग कसा पाडायचा ते दाखवलं, बोटाच्या शेवटच्या पेरानं, कंगव्यानं नाही. तेल मुळाशी. तीन बटा, बारीक, आणि पहिली गाठ डोक्याला अगदी चिकटून. एक वेणी मी घातली. मग डोर्टेला म्हणाले, आता तू.

तिची बोटं जाड. वेणी सैल झाली, मुळापाशी पोकळ. ती ओशाळून माझ्याकडे बघायला लागली. चालेल, असं मी म्हणू शकले असते. ती सैल वेणी संध्याकाळपर्यंत सुटली असती, आणि डोर्टेला वाटलं असतं की हे आपल्याच्यानं होणार नाही, त्या बाईलाच बोलवायला हवं. आठवड्यातून दोनदा तरी. हा विचार माझ्या मनात आला, आणि बराच वेळ राहिला.

पण केस तसाबीहचे होते. मी ती वेणी उसवली.

"पुन्हा," मी म्हणाले. "ओढ. ती ओरडेल, तरी ओढ. आता सैल राहिली तर नंतर जास्त दुखतं."

दुसऱ्यांदाही बिघडली. तिसऱ्यांदा मी तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवली आणि आम्ही दोघींनी मिळून शेवटपर्यंत नेली. पुढची तिनं सुरू केली, मी नुसती बटा धरल्या. त्याच्या पुढची घालताना मी बटाही सोडल्या आणि एक पायरी खाली सरकले.

तसाबीह पाठमोरी होती. बिस्किटाचा चुरा फ्रॉकवर, एका हातानं ती मुंगीला तो भरवत होती. डोर्टेनं बट आवळली, मी सांगितलं तशी.

"यम्मा, हळू," तसाबीह मान न वळवता म्हणाली.

डोर्टेचे हात थांबले. "काय म्हणाली?"

"हळू म्हणाली," मी सांगितलं. "पण तू आवळ."